विश्लेषण : मुए थाई शिका आणि पाच वर्षांचा व्हिसा मिळवा? थायलंडचा ‘डीटीव्ही’ नेमका कोणासाठी?

‘क्लासला नाव घाला आणि पाच वर्षे थायलंडमध्ये राहा’ अशा थाटाच्या रील्स सध्या अनेकांच्या फोनवर येत असतात. मागे निळा समुद्र, हातात बॉक्सिंगचे ग्लोव्हज आणि खाली एजंटचा व्हॉट्सॲप क्रमांक. यातले अर्धे खरे आहे. मुए थाई किंवा थाई स्वयंपाक शिकायला येणाऱ्यांना पाच वर्षे मुदतीचा व्हिसा देण्याची सोय थायलंडने खरोखरच केली आहे. खात्यात किती रक्कम दाखवावी लागते, सलग किती दिवस राहता येते, कर कधी लागू होतो आणि या व्हिसावर तिथे नोकरी का करता येत नाही, हे उरलेले अर्धे मात्र रीलमध्ये येत नाही. नोकरी सोडण्याआधी किंवा मुदत ठेव मोडण्याआधी ते समजून घेणे गरजेचे आहे.

‘डीटीव्ही’ म्हणजे काय?

डीटीव्ही म्हणजे ‘डेस्टिनेशन थायलंड व्हिसा’. थायलंडच्या मंत्रिमंडळाने २८ मे २०२४ रोजी व्हिसा नियमांतील अनेक बदलांना मंजुरी दिली. त्यानुसार १५ जुलै २०२४ पासून हा नवा व्हिसा सुरू झाला. त्याची मुदत पाच वर्षांची असून त्यावर कितीही वेळा ये-जा करता येते. प्रत्येक प्रवेशाला जास्तीत जास्त १८० दिवस राहता येते. अर्जदाराचे वय किमान २० वर्षे असावे लागते.

हा व्हिसा तीन प्रकारच्या लोकांसाठी आहे. पहिला गट परदेशी कंपनीचे किंवा परदेशी ग्राहकांचे काम लॅपटॉपवरून करणाऱ्यांचा. दुसरा गट थाई संस्कृती, क्रीडा आणि उपचारांशी संबंधित उपक्रमांसाठी येणाऱ्यांचा. थाई सरकार या उपक्रमांना ‘सॉफ्ट पॉवर’ म्हणते. तिसरा गट या दोन्ही गटांतील व्यक्तींच्या जोडीदाराचा आणि २० वर्षांखालील मुलांचा. रील्समध्ये चर्चा असते ती प्रामुख्याने दुसऱ्या गटाची.

क्लासवर व्हिसा देण्यात थायलंडचा फायदा काय?

करोनाच्या आधी, २०१९ मध्ये, थायलंडला जवळपास चार कोटी परदेशी पर्यटकांनी भेट दिली होती. करोनाकाळात हा ओघ आटला आणि पर्यटनावर किती अवलंबून राहायचे, हा प्रश्न तिथे ऐरणीवर आला. चार दिवस येऊन परतणाऱ्या पर्यटकापेक्षा सहा महिने घर भाड्याने घेणारा, रोज मंडईत जाणारा आणि क्लासची फी भरणारा पाहुणा स्थानिक अर्थव्यवस्थेला अधिक देतो, असा यामागचा हिशेब आहे.

त्याला जोड मिळाली ‘फाइव्ह एफ’ या सरकारी धोरणाची. फूड, फिल्म, फॅशन, फाइटिंग आणि फेस्टिव्हल ही थायलंडची पाच बलस्थाने मानून त्यांचा जगभर प्रसार करायचा, असे हे धोरण. त्यातील ‘फाइटिंग’ म्हणजे मुए थाई. दोन मुठी, दोन कोपर, दोन गुडघे आणि दोन पाय अशा आठ अंगांनी लढण्याचा हा खेळ आहे. बँकॉकमधील राजदमनर्न स्टेडियममध्ये १९४५ पासून त्याच्या लढती होत आहेत. मुए थाईच्या आंतरराष्ट्रीय महासंघाला २०२१ मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीची पूर्ण मान्यता मिळाली. लढतीआधी खेळाडू ‘वाय ख्रू’ हा गुरुवंदनेचा विधी करतो. तालमीत उतरताना माती कपाळाला लावणारा मल्ल ज्यांनी पाहिला आहे, त्यांना हा विधी परका वाटणार नाही.

स्वयंपाक आणि मसाज यांनाही असेच वलय मिळाले आहे. ‘नुआद थाई’ या पारंपरिक मसाजचा २०१९ मध्ये, सोंगक्रान उत्सवाचा २०२३ मध्ये आणि तोम याम कुंग या सूपचा २०२४ मध्ये युनेस्कोच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत समावेश झाला.

कोणते उपक्रम ग्राह्य धरले जातात?

मुए थाईचे प्रशिक्षण, थाई स्वयंपाकाचे वर्ग, इतर क्रीडा प्रशिक्षण, शैक्षणिक कार्यक्रम व परिसंवाद, संगीत महोत्सव आणि वैद्यकीय उपचार असे उपक्रम या गटात येतात.

मात्र यादीत नाव आहे म्हणजे कोणताही क्लास चालतो, असे नाही. अर्जासोबत संबंधित संस्थेचे प्रवेश निश्चित झाल्याचे पत्र द्यावे लागते. उपचारांसाठी जायचे असेल तर रुग्णालयाचे भेटीची वेळ दिल्याचे पत्र लागते. संस्था नोंदणीकृत आहे का, अभ्यासक्रम किती महिन्यांचा आहे, आठवड्याला किती तास शिकवले जाते, हेही तपासले जाऊ शकते. पर्यटकांसाठी असलेल्या तीन तासांच्या स्वयंपाकवर्गाची पावती दाखवून पाच वर्षांचा व्हिसा मिळण्याची अपेक्षा ठेवू नये. काही दूतावास तर किमान सहा महिन्यांच्या अभ्यासक्रमाचा आग्रह धरतात. त्यामुळे ज्या दूतावासाकडे अर्ज जाणार आहे, तिथली अट आधी पाहावी आणि मगच क्लासची फी भरावी. अनेक जण नेमका याचा उलटा क्रम धरतात. व्हिसा नाकारला गेल्यास क्लासची फी परत मिळेल का, हे संस्थेकडून लेखी घेणे शहाणपणाचे.

खर्च किती? खात्यात किती रक्कम हवी?

सर्वात मोठी अट पैशांची आहे. अर्जदाराने किमान पाच लाख बाहत एवढी रक्कम आपल्याकडे असल्याचा पुरावा द्यायचा असतो. एका बाहतचा दर अडीच ते तीन रुपये धरला, तर ही रक्कम साडेबारा ते पंधरा लाख रुपयांच्या घरात जाते. ती खर्च करायची नसते, दाखवायची असते.

इथेच एजंटांचा ‘फंड शो’ नावाचा धंदा सुरू होतो. काही दिवसांसाठी तुमच्या खात्यात रक्कम टाकायची, स्टेटमेंट काढायचे आणि रक्कम परत घ्यायची, त्याबद्दल वेगळे कमिशन. पण अधिकारी केवळ शेवटचा आकडा पाहत नाहीत. दरमहा ४० हजार रुपये पगार जमा होणाऱ्या खात्यात अर्जाच्या आठवड्यात अचानक १४ लाख आले, तर तो व्यवहार स्टेटमेंटवर ठळक दिसतो. व्हिसा नाकारला गेला तर शुल्क परत मिळत नाही, एजंटचे कमिशनही जाते आणि नकाराची नोंद पुढच्या अर्जांनाही अडथळा ठरू शकते.

व्हिसाचे मूळ शुल्क १० हजार बाहत, म्हणजे साधारण २५ ते ३० हजार रुपये आहे. प्रत्येक देशातील दूतावास ते स्थानिक चलनात आकारतो, त्यामुळे प्रत्यक्ष रक्कम थोडी वेगळी असू शकते. पती, पत्नी आणि एक मूल असे कुटुंब जाणार असेल, तर प्रत्येकाचा अर्ज वेगळा आणि शुल्कही वेगळे. विवाह नोंदणीचा किंवा जन्माचा दाखला केवळ मराठीत असेल, तर त्याचे इंग्रजी भाषांतर आधीच करून ठेवावे.

याखेरीज क्लासची फी, घरभाडे, विमानभाडे आणि आरोग्य विमा हा खर्च वेगळा. मुए थाई हा अंगाला मार बसणारा खेळ आहे. प्रवास विमा घेताना लढतीच्या खेळांत झालेली दुखापत त्यात धरली आहे की वगळली आहे, हे पॉलिसीच्या अटींत वाचावे.

अर्ज कुठे करायचा?

अर्ज थायलंडच्या अधिकृत ई-व्हिसा संकेतस्थळावर करायचा असतो. त्याचा पत्ता थायईव्हिसा डॉट जीओ डॉट टीएच असा आहे. भारतातही १ जानेवारी २०२५ पासून ही ऑनलाइन पद्धत लागू आहे. दिल्लीत थायलंडचा दूतावास, तर मुंबई, चेन्नई आणि कोलकाता येथे महावाणिज्य दूतावास आहेत. महाराष्ट्रातील अर्जदारांचा संबंध मुंबईच्या कार्यालयाशी येतो.

अर्ज करताना अर्जदार थायलंडच्या बाहेर असावा लागतो. पासपोर्ट, छायाचित्र, सध्या कुठे आहात याचा पुरावा, आर्थिक क्षमतेची कागदपत्रे आणि उपक्रमाचे पत्र ही मुख्य कागदपत्रे. ही सगळी प्रक्रिया स्वतःला करता येते. त्यासाठी एजंट नेमण्याची सक्ती नाही.

पाच वर्षे म्हणजे सलग पाच वर्षे का?

नाही. पाच वर्षे ही व्हिसाची मुदत आहे, मुक्कामाची नव्हे. प्रत्येक वेळी विमानतळावर किंवा सीमेवर प्रवेशाचा जो शिक्का बसतो, त्यावर मुक्कामाची शेवटची तारीख असते. तीच तारीख पाळायची.

समजा, कोणी १ ऑगस्टला बँकॉकला उतरले. प्रवेशाचा दिवस धरून १८० दिवस मोजले, तर मुक्काम २७ जानेवारीला संपतो. त्याआधी देश सोडावा लागतो किंवा इमिग्रेशन कार्यालयात मुदतवाढ मागावी लागते. एका प्रवेशावर एकदा, आणखी जास्तीत जास्त १८० दिवसांची मुदतवाढ देण्याची तरतूद आहे. मात्र ती देणे न देणे अधिकाऱ्यांच्या हातात असते. देशाबाहेर जाऊन पुन्हा आत आल्यास नवे १८० दिवस सुरू होतात, पण तिथेही प्रवेश द्यायचा की नाही हे सीमेवरील अधिकारी ठरवतो. ‘क्लास कुठे चालू आहे?’ या प्रश्नाला त्या वेळी उत्तर तयार असावे.

मुदत उलटून राहिल्यास दिवसाला ५०० बाहत दंड होतो, कमाल २० हजार बाहतपर्यंत. मुदतीनंतर ९० दिवसांहून अधिक काळ राहून स्वतःहून परत निघालेल्यांवरही किमान एक वर्षाची प्रवेशबंदी येते. पकडले गेल्यास ती पाच किंवा दहा वर्षांची होऊ शकते.

तिथे राहताना कोणत्या नोंदी कराव्या लागतात?

तीन गोष्टी लक्षात ठेवाव्यात.

पहिली, आगमनाचे डिजिटल कार्ड. १ मे २०२५ पासून थायलंडमध्ये येणाऱ्या परदेशी प्रवाशांना ते ऑनलाइन भरावे लागते. पोहोचण्याआधीच्या तीन दिवसांत ते भरता येते आणि ते मोफत आहे. त्यासाठी पैसे मागणारी संकेतस्थळे अधिकृत नाहीत.

दुसरी, पत्त्याची नोंद. परदेशी व्यक्ती राहायला आल्याचे घरमालकाने किंवा हॉटेलने २४ तासांत इमिग्रेशनला कळवायचे असते. या नोंदीला ‘टीएम ३०’ म्हणतात. हॉटेले ती सहसा स्वतःहून करतात. खासगी घर भाड्याने घेताना मात्र घरमालक ती करणार आहे ना, हे करार करण्याआधी विचारावे. पुढे इमिग्रेशन कार्यालयात कोणतेही काम निघाले, की या नोंदीची पावती लागू शकते.

तिसरी, ९० दिवसांची हजेरी. सलग ९० दिवसांहून अधिक राहणाऱ्याला आपला पत्ता पुन्हा कळवावा लागतो. वरच्या उदाहरणात १ ऑगस्टला उतरलेल्या व्यक्तीचे ९० दिवस २९ ऑक्टोबरला भरतात. त्या तारखेच्या १५ दिवस आधीपासून सात दिवस नंतरपर्यंत ही नोंद करता येते. मधेच देशाबाहेर जाऊन आल्यास मोजणी नव्याने सुरू होते.

कराचे काय?

या मुद्द्याकडे सर्वाधिक दुर्लक्ष होते. एका कॅलेंडर वर्षात, म्हणजे जानेवारी ते डिसेंबर या काळात, एकूण १८० दिवस किंवा अधिक काळ थायलंडमध्ये राहणारी व्यक्ती तिथली कर-निवासी ठरते. अशा व्यक्तीने १ जानेवारी २०२४ नंतर परदेशात मिळवलेले उत्पन्न थायलंडमध्ये आणले, तर ते तिथल्या करकक्षेत येऊ शकते.

म्हणून केव्हा उतरता, यालाही महत्त्व आहे. १ ऑगस्टला आलेल्या व्यक्तीचे त्या वर्षात ३१ डिसेंबरपर्यंत १५३ दिवसच भरतात. पण १५ जूनला येऊन पूर्ण १८० दिवस राहिल्यास ते दिवस ११ डिसेंबरला, त्याच वर्षात पूर्ण होतात आणि ती व्यक्ती कर-निवासी होते. मुक्काम तेवढाच, पण कराच्या दृष्टीने चित्र वेगळे.

भारतात मात्र आर्थिक वर्ष एप्रिल ते मार्च असते आणि निवासी ठरण्याची प्रमुख कसोटी १८२ दिवसांची आहे. त्यामुळे दोन्ही देशांची मोजणी वेगवेगळी करावी लागते. दोन्ही देशांत दुहेरी करआकारणी टाळण्याचा करार आहे, पण त्याचा लाभ आपोआप मिळत नाही. त्यासाठी कागदपत्रे सादर करावी लागतात. सहा महिन्यांच्या आसपास राहण्याचा बेत असेल, तर सीएचा सल्ला निघण्याआधीच घेतलेला बरा.

या व्हिसावर नोकरी करता येते का?

थायलंडमधील कंपनीत, हॉटेलात, दुकानात किंवा शाळेत नोकरी करता येत नाही. त्यासाठी वेगळा व्हिसा आणि वर्क परमिट लागते. मुए थाई शिकायला गेलेल्या व्यक्तीने त्याच जिममध्ये पैसे घेऊन इतरांना शिकवणे हेही कामच ठरते. स्वयंपाक शिकायला जाऊन रेस्टॉरंटच्या भटारखान्यात पगारावर उभे राहणेही बेकायदा.

भारतातील किंवा अन्य देशातील कंपनीचे काम लॅपटॉपवरून करायचे असेल, तर पहिल्या गटातून अर्ज करणे योग्य. तिथे क्लासचे पत्र लागत नाही. नोकरीचा करार किंवा स्वतःच्या कामाचा पोर्टफोलिओ लागतो. हिंजवडी किंवा ऐरोलीच्या आयटी कंपनीत काम करणाऱ्यांनी ‘वर्क फ्रॉम होम’ची परवानगी म्हणजे परदेशातून काम करण्याची परवानगी असे गृहीत धरू नये. डेटा सुरक्षा आणि कर यांच्या कारणांमुळे अनेक कंपन्या ती स्वतंत्रपणे देतात किंवा नाकारतात. ती लेखी घ्यावी.

‘आधी क्लासच्या व्हिसावर या, मग नोकरी लावून देतो’ असे कोणी सांगत असेल, तर तिथेच थांबावे. थायलंडमध्ये नोकरी देतो म्हणून नेलेल्या अनेक भारतीय तरुणांना सीमा ओलांडून म्यानमारमधील सायबर फसवणुकीच्या अड्ड्यांवर कामाला जुंपल्याचे उघड झाले आहे. मार्च २०२५ मध्ये भारतीय हवाई दलाच्या विमानांनी थायलंडमधील मे सोत येथून लागोपाठ दोन दिवसांत सुमारे साडेपाचशे भारतीयांना परत आणले. महाराष्ट्र सायबर विभागानेही अशा प्रकरणांत सुटका आणि अटकेची कारवाई केली आहे. परदेशी नोकरीसाठीचा एजंट नोंदणीकृत आहे का, हे केंद्र सरकारच्या ‘ई-मायग्रेट’ पोर्टलवर तपासता येते. पासपोर्टवर ‘ईसीआर’ची नोंद असेल तर थायलंडमध्ये नोकरीसाठी जाताना सरकारची इमिग्रेशन मंजुरी आवश्यक असते. एजंट ‘टुरिस्ट म्हणून जा’ किंवा ‘विद्यार्थी म्हणून जा’ असे सांगतो, त्यामागे बहुतेकदा हीच तपासणी टाळण्याचा हेतू असतो.

अशी सोय आणखी कुठे आहे?

संस्कृती शिकण्यासाठी व्हिसा देणारा थायलंड एकटाच देश नाही. जपानमध्ये ‘सांस्कृतिक उपक्रम’ नावाचा स्वतंत्र निवासी दर्जा आहे. इकेबाना, चहा समारंभ, ज्युदो यांसारख्या जपानी कला शिकणाऱ्यांना किंवा त्यांचा अभ्यास करणाऱ्यांना तो तीन महिने, सहा महिने, एक वर्ष किंवा तीन वर्षांसाठी मिळतो. तिथेही मूळ अट हीच, की या काळात कमाई करायची नाही. निधीबरोबरच कोणत्या गुरूकडे किंवा संस्थेत काय शिकणार, हे दाखवावे लागते.

भारताचे नियमही फार वेगळे नाहीत. परदेशी व्यक्तीला ई-टुरिस्ट व्हिसावर अल्पमुदतीचा योगवर्ग करता येतो, तसेच संगीत, नृत्य, हस्तकला, पाककला यांचे सहा महिन्यांपर्यंतचे आणि पदविका न देणारे अभ्यासक्रमही करता येतात. पुण्यातील रमामणी अय्यंगार स्मृती योग संस्थेत गेली अनेक दशके जगभरातून साधक येतात, हे आपल्याला नवे नाही. ते इथे शिकायला येतात तेव्हा आपण त्यांच्याकडून जी अपेक्षा ठेवतो, तीच थायलंड आपल्याकडून ठेवतो.

मग अर्ज कोणी करावा?

दोन-तीन आठवडे मुए थाईची ओळख करून घ्यायची असेल, तर या व्हिसाची गरजच नाही. जुलै २०२४ मध्ये थायलंडने भारतीयांसाठी विनाव्हिसा पर्यटन मुक्काम ६० दिवसांपर्यंत वाढवला. ही मुदत पुन्हा कमी करण्याची चर्चा तिथे झाली आहे, त्यामुळे तिकीट काढण्याआधी त्या वेळचा नियम दूतावासाच्या संकेतस्थळावर पाहावा. आधी अशी छोटी फेरी करून जिम, शहर, हवामान आणि रोजचा खर्च प्रत्यक्ष पाहणे, हा कमी खर्चाचा मार्ग आहे.

डीटीव्ही उपयोगी आहे तो सहा महिने मन लावून शिकण्याची खरी इच्छा असलेल्यांना, स्वतःची बचत असलेल्यांना आणि परतल्यावर किंवा दूरस्थ कामातून उत्पन्नाची सोय असलेल्यांना. शाकाहारी थाळी चालवणाऱ्या उपाहारगृहाच्या मालकाला थाई स्वयंपाक शिकून मेन्यू वाढवायचा असेल किंवा क्रीडा प्रशिक्षकाला मुए थाईचे धडे घ्यायचे असतील, तर त्यांना तो नक्कीच लाभदायक ठरेल.

कर्ज काढून खात्यात रक्कम दाखवणाऱ्यांसाठी आणि तिथे पोहोचल्यावर काम शोधू म्हणणाऱ्यांसाठी मात्र हा व्हिसा नाही. त्यावरून नागरिकत्व किंवा कायमचे वास्तव्य मिळत नाही आणि पगारही मिळत नाही. क्लासचे पत्र हातात घेण्याआधी एवढेच स्वतःला विचारावे : व्हिसा मिळत नसता, तरी हा क्लास मी केला असता का? उत्तर ‘हो’ असेल, तर कागदपत्रांची तयारी सुरू करायला हरकत नाही.